फाट्यापर्यंतची मोटार

किशनअण्णा बिरादारांच्या मोटारीत बसायचं असेल, तर आधी चौकशी करावी लागते. मोटारीची नाही, बसची. सकाळी सव्वासातला मोटार त्यांच्या दारात उभी असते. अण्णा स्टिअरिंगवर बसलेले, चारी दारं आतून बंद आणि त्यांच्या बाजूची काच बरोबर चार बोटं खाली. त्या फटीशी वाकून विचारायचं, "अण्णा, बीदरची बस किती वाजता?" अण्णा मनगटावरचं घड्याळ बघतात. मग समोर लांब कुठंतरी नजर लावून, तिसऱ्याच कुणाला तरी सांगत असल्यासारखं म्हणतात, "सात चाळीस. फाट्यावर. डावीकडं बसू नका, ऊन हाय." मग दार उघडतं.

एकानं विचारून भागत नाही. आम्ही चौघं आहोत आणि चौघांनी आपापलं विचारायचं. युसूफभाई दखनीत विचारतात, "अण्णा, बीदर की बस कब आती?" त्यांना दखनीत उत्तर मिळतं. प्रतिभा कॉलेजात जाते आणि तिचं कन्नड कच्चं आहे, म्हणून तिनं "अज्जा, बस यावाग बर्तद?" असंच विचारलं पाहिजे. चुकली तर अण्णा काच वर घेतात आणि पुन्हा खाली करतात. म्हणजे पुन्हा विचार.

एकदा मला उशीर झाला होता. मी न विचारताच दाराला हात घातला. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की माझा हात आपोआप खाली आला. पुढं फाट्यापर्यंत मला ऐकावं लागलं की चौकशी न करता चढणारी माणसं उमरग्याला निघतात आणि जहिराबादला उतरतात, आणि मग सरकारला शिव्या देतात.

मी बीदरला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. माझं नाव गावात सगळ्यांना ठाऊक असलं तरी अण्णा मला कारकून म्हणूनच हाक मारतात. आमचं गाव हळ्ळीवाडी. हळ्ळी म्हणजे कन्नडात गाव आणि वाडी म्हणजे मराठीत गाव. दोन भाषांनी मिळून नाव ठेवलं, पण बस कुणी आणली नाही. ठाणाकुशनूरकडून येणारी बीदरची बस आमच्यापासून पाच किलोमीटरवरच्या फाट्यावरून परस्पर निघून जाते. ते पाच किलोमीटर कसे काटायचे, हाच आमच्या गावाचा आयुष्यभराचा प्रश्न. कुणी सायकलवर काटतं, कुणी दुधाच्या टेंपोत कॅनला धरून. आम्ही चौघं अण्णांच्या मोटारीतून.

पुढच्या सीटवर मी. मागं सुमनअक्का, त्यांची मुलगी प्रतिभा आणि युसूफभाई. सुमनअक्का बीदरच्या एका दवाखान्यात नर्स आहेत. बोलतात कमी, पण बोलल्या की जागेवर लागतं. युसूफभाई मोटारी रिवाइंड करतात, म्हणजे पाण्याच्या मोटारी. अण्णांच्या मोटारीला ते हात लावत नाहीत, कारण एकदा लावला होता तेव्हा अण्णा आठ दिवस त्यांच्याशी फक्त कन्नडात बोलत होते. पेट्रोल आम्ही पाळीनं भरतो. अण्णा भाडं घेत नाहीत. भाड्याचं नाव काढलं की म्हणतात, "मी काय काळीपिवळीवाला हाय व्हय?"

अण्णांची चौकशी कुठून आली ते सांगायला हवं. तीस वर्षं ते बीदरच्या बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत. गाड्यांची नोंद करायची, माइकवर गाडी पुकारायची, शिट्टी वाजवून ती सोडायची आणि खिडकीशी येईल त्याला सांगायचं. माणसाच्या डोक्यावरचं बघून ते भाषा ठरवत. पांढरी टोपी आली की मराठी, रुमाल आला की कन्नड, जाळीची टोपी आली की दखनी. औरादच्या पलीकडची बाई आली तर तोडकीमोडकी तेलुगू. आणि नुसती वेळ सांगून त्यांचं समाधान होत नसे. दत्ताच्या दर्शनाला निघालेली महाराष्ट्रातली मंडळी गाणगापूरची गाडी विचारायला आली, तर अण्णा गाडी सांगत, कुठं बदलायची ते सांगत आणि वर सांगत, "उजवीकडं बसा. हुमनाबादपर्यंत ऊन डावीकडं ऱ्हाईल." कोणत्या गाडीत कोणत्या वेळी कोणत्या बाजूला ऊन येतं, हे त्यांना बारा महिन्यांचं पाठ आहे. आमच्या गावात लग्नाचा मांडव घालतानासुद्धा लोक अण्णांना विचारून त्याचं तोंड ठरवतात.

रिटायर झाल्यावर त्यांनी ही जुनी पांढरी मोटार घेतली. अण्णांच्या बायको, आमच्या वहिनी, हैदराबादला मुलाकडं असतात, नातवाला सांभाळायला. अण्णाही गेले होते. पंधरा दिवसांत परत आले. कामून आलात म्हणून विचारलं तर म्हणाले, "आठ मजली बिल्डिंग हाय. गेटवरला वॉचमन तेवढा इचारायचा, किसके यहाँ जाना है. बाकी कुणी न्हाई." हे ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. त्या वॉचमनचं त्यांना कौतुक होतं.

मोटारीचा दुसरा नियम असा की ती फाट्यापर्यंतच जाणार. फाट्यावर लिंबाखाली उभी राहणार, आम्हाला बसमध्ये बसवणार, शिट्टी वाजवणार आणि परत फिरणार. संध्याकाळी सहाला पुन्हा फाट्यावर हजर. बीदरपर्यंत नेऊन सोडा म्हटलं की अण्णांचं एकच उत्तर, "मोटार फाट्यापर्यंत. पुढं सरकार हाय."

एके सकाळी बस चार मिनिटं आधी येऊन गेली. आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा तिचं लाल बूड लांब दिसत होतं. अण्णांनी मोटार तिच्या मागं घातली. चार किलोमीटर आम्ही त्या बसच्या मागं धावत होतो. अण्णा एका हातानं हॉर्न दाबत होते आणि तोंडात शिट्टी होती. युसूफभाई मागून काकुळतीनं म्हणाले, "अण्णा, इत्ता आ गए, अब बीदरच छोड देव." अण्णांनी ऐकलं नाही. बसच्या पुढं जाऊन मोटार आडवी घातली, खाली उतरून हात केला आणि आम्हाला एकेक करून बसमध्ये चढवलं. ड्रायव्हर कन्नडात जे काही म्हणाला ते प्रतिभाला कळलं नाही, हे बरं झालं. अण्णांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याला एवढंच सांगितलं की मागच्या डाव्या टायरात हवा कमी आहे.

त्या संध्याकाळी मी त्यांना छेडलं. ते गंभीर झाले. म्हणाले, चार माणसं मोटारीतून बीदरला गेली की बसला चार माणसं कमी. मग कुणीतरी वर लिहितं की ह्या रस्त्याला माणूसच नाही. मग बस बंद. आणि ज्या दिवशी ही मोटार बंद पडेल, त्या दिवशी तुम्ही काय करणार? मी सरकारी माणूस असल्यामुळं मला हे पटलं. कुणीतरी वर लिहिलं की काय होतं, हे मला माहीत आहे.

आता खरी गोष्ट सांगतो. बस गावात यावी, ही सुमनअक्कांची मागणी होती. आमच्या गावात त्या वर्षी नऊ मुली दहावी पास झाल्या. पुढं शिकायला गेली एकटी प्रतिभा, कारण मोटारीत तिच्यापुरती जागा होती. बाकीच्या आठ जणी घरी बसल्या. फाट्यापुढं कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही, पण पाच किलोमीटर पोरीला एकटीला चालत कोण पाठवणार? दोघींची लग्नं ठरायला लागली होती. अक्का म्हणायच्या, "माझ्या पोरीला सीट हाय म्हणून मी गप बसू व्हय?"

त्यांनी अर्ज करायचं ठरवलं. अर्ज कन्नडात हवा, म्हणून तो मी लिहिला. सह्या अक्कांनी गोळा केल्या. रविवारी विहारात, सोमवारी मारुतीच्या पारावर, शुक्रवारी मशिदीसमोर. अर्ज कन्नडात, सह्या मराठीत, दोन उर्दूत आणि खाली अंगठे. एवढा देखणा कागद माझ्या नोकरीत मी पाहिला नव्हता. तो द्यायचा कुणी, यावर चर्चासुद्धा झाली नाही. डेपोतले सगळे अण्णांच्या ओळखीचे. अण्णांनी कागद दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "मी देतो."

सहा महिने झाले, काही झालं नाही. अण्णा म्हणाले, अर्ज वर गेलाय. आणखी एक केला. अण्णा म्हणाले, साहेब बदललेत. तिसरा केला, तेव्हा म्हणाले, गाड्याच कमी आहेत. असे पाच अर्ज झाले. दर वेळी मी लिहायचा, अक्का गाव फिरायच्या आणि अण्णा घेऊन जायचे. मी कारकून. कागद दिला की पोच घ्यायची, हे मला झोपेतसुद्धा कळतं. पण अण्णांकडं पोच मागायचं माझ्या मनातही आलं नाही.

मग एका सकाळी फाट्याच्या अलीकडं मोटार पंक्चर झाली. लांबून बस येताना दिसत होती. अण्णा म्हणाले, "कारकून, स्टेपनी काढ," आणि शिट्टी तोंडात धरून बस अडवायला पळाले. बासष्ट वर्षांचा माणूस दोन्ही हात पसरून पळतोय आणि मागून अक्का, प्रतिभा आणि युसूफभाई डबे सांभाळत पळतायत, हे बघून मला हसू आवरेना. हसत हसतच मी डिकी उघडली आणि स्टेपनी उचलली. तिच्या खाली किराणा दुकानाची एक पिशवी होती. पिशवीत पाचही अर्ज होते. सुतळीनं बांधलेले, तारखेप्रमाणे लावलेले, एकालाही घडी पडलेली नव्हती.

माझं हसणं तिथंच थांबलं. मी पिशवी होती तशी ठेवली, वर स्टेपनी ठेवली, पुन्हा काढली आणि बसकडं पळालो.

तीन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. आता लिहितोच आहे तर खरं लिहितो. मला अण्णांचा राग आला होता, पण गप्प बसण्याचं एक कारण माझंही होतं. गावातून बस सुटली असती तर ती साडेसहाला सुटली असती. अण्णांच्या मोटारीमुळं मला पाऊण तास जास्त झोप मिळत होती. आठ मुली घरी बसल्या होत्या आणि मी झोपेचा विचार करत होतो. हे लक्षात आलं तेव्हा मी उठलो आणि रविवारी सकाळी अण्णांच्या घरी गेलो.

अण्णा ओसरीवर दाढी करत होते. मी म्हटलं, "अण्णा, पिशवी बघितली मी." त्यांनी कोणती पिशवी असं विचारलं नाही. अर्धी दाढी साबणात तशीच ठेवून ते बराच वेळ आरशात बघत राहिले. मग म्हणाले, "पहिला द्यायला निघालो होतो. देवाशप्पथ निघालो होतो. फाट्यापर्यंत गेलो आन् परत आलो."

"कामून पण?"

"खिडकीत होतो तवा दिवसाला हजार माणूस इचारायचं, कारकून. शिव्या दिऊन इचारायचं, रडत इचारायचं. रिटायर झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बसलो, तर एक माणूस न्हाई. गाव समदं पुढून जायलाय, यायलाय, आन् कुणाला काय इचारायचंच न्हाई." त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "मग तुमी चौघं आलाव. आता बस इथंच दारात आली, तर मला कोण इचारंल? तूच सांग."

मी एवढंच म्हटलं की अक्कांना हे माझ्या तोंडून कळायला नको. अण्णांनी मान हलवली आणि उरलेली दाढी केली. गालावर दोन ठिकाणी कापलं.

सोमवारी आम्ही रोजच्यासारखी चौकशी केली आणि बसलो. गावाबाहेर आल्यावर अण्णांनी आरशात न बघता सांगितलं, "अक्का, अर्ज मी दिलेच न्हाईत." अक्कांनी एवढंच विचारलं, "पाची?" अण्णा म्हणाले, "पाची." त्यानंतर फाट्यापर्यंत, आणि संध्याकाळी फाट्यापासून घरापर्यंत, मोटारीत कुणीही बोललं नाही. इतकी शांत मोटार मी पाहिली नव्हती.

मंगळवारी सव्वासातला मी आणि युसूफभाई दोघंच होतो. अक्का आणि प्रतिभा चालत निघाल्या होत्या. गावाबाहेर दीड-दोन किलोमीटरवर त्या दिसल्या. अक्का पुढं, हातात डब्याची पिशवी, मागं प्रतिभा. अण्णांनी त्यांच्याजवळ जाऊन मोटार हळू केली. अक्कांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. आम्हाला वाटलं, आता अण्णा पुढं काढतील. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि त्या दोघींच्या मागं, वीस पावलं सोडून, चालत्या बैलगाडीच्या वेगानं मोटार ठेवली. बसच्या पुढं मोटार आडवी घालणारा माणूस दोन बायकांच्या पुढं जायला तयार नव्हता.

युसूफभाईंनी तीनदा घड्याळ दाखवलं. अण्णांना म्हणाले, बस निघून जाईल, निदान आम्हाला तरी सोडा. अण्णा म्हणाले, "पुढं माणसं हायत." तीन किलोमीटर आम्ही असेच गेलो. इंजिन तापलं, मागून दुधाचा टेंपो हॉर्न मारून गेला, त्यातल्या माणसानं कोण वारलं म्हणून हळूच विचारलं. लांब फाट्यावरून बस गेलेली आम्हा सगळ्यांना दिसली. अक्कांनाही दिसली. त्यांची चाल कमी झाली नाही.

फाट्यावर अक्का उभ्या राहिल्या. पुढची बस दीड तासानं होती आणि त्यांची ड्यूटी नऊची. अण्णा खाली उतरले, डिकी उघडली, पिशवी काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

"बसा अक्का. बीदरपर्यंत नेतो."

युसूफभाईंनी माझा दंड धरला. अक्कांनी पिशवी घेतली, सुतळी सोडली आणि पाचही अर्ज पानं उलटून नीट मोजले. मग म्हणाल्या, "दवाखान्यात मागून जाईन. आधी डेपो." आणि मागच्या सीटवर बसल्या.

बसमागं धावलेले ते चार किलोमीटर सोडले, तर फाट्याच्या पुढं ती मोटार पहिल्यांदाच गेली. अण्णांना पुढचा रस्ता बसमधून पाठ होता, तरी ते बिचकत चालवत होते. स्टँडवर आलो तर तिथली रचना बदललेली. अर्ज कोणत्या खोलीत द्यायचा, ते विचारायचं म्हणून अण्णा नेहमीच्या सवयीनं चौकशीच्या खिडकीकडं निघाले आणि खिडकीच्या आतल्या दाराशी जाऊन थांबले. मग त्यांच्या लक्षात आलं. ते फिरून पुढं आले आणि रांगेत उभे राहिले.

त्यांच्या पुढं सहा-सात माणसं होती. अण्णांचा नंबर आला. आत एक तरुण मुलगी बसली होती. तिनं हसून, कन्नडात, आदरानं विचारलं, "अज्जा, कुठं जायचंय?" अण्णा तिच्याकडं बघत राहिले. तीस वर्षं त्या खिडकीच्या आतून बोललेल्या माणसाला बाहेरून काय बोलायचं ते सुचेना. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

अक्का पुढं झाल्या. त्यांनी अण्णांच्या बाजूला उभं राहून त्या मुलीला कन्नडात सांगितलं, "ह्यांना कुठं जायचं नाही. आमच्या गावाला बस आणायचीय." मुलीनं खोली सांगितली. अर्ज दिला अण्णांनीच. पोच मात्र अक्कांनी घेतली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.

पुढं चार महिने आम्ही मोटारीनंच फाट्यापर्यंत जात होतो. अक्का यायच्या, पण चौकशी करायच्या नाहीत. त्या आल्या की त्यांनी न विचारताच अण्णा दार उघडायचे. दोघांत बोलणं नव्हतं. दर महिन्याला अण्णा स्वतः डेपोत जाऊन अर्जाचं काय झालं ते विचारून यायचे. रांगेत उभं राहून. आता त्यांना विचारायला जमायला लागलं होतं.

बस आली. सकाळी साडेसहाची. पहिल्या दिवशी गावानं तिला हार घातला, नारळ फोडला, ड्रायव्हरला फेटा बांधला. युसूफभाईंनी कंडक्टरला अत्तर लावलं. सात मुली चढल्या. आठव्या मुलीचं लग्न झालं होतं. अक्का दाराशी उभ्या राहून एकेकीला वर चढवत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. मी झोपेतच होतो, पण मलाही भरून आलं. गर्दीत मी अण्णांना शोधलं. ते नव्हते. बस त्यांच्या दारावरून गेली, तेव्हा दार बंद होतं आणि मोटारीवर ताडपत्री होती.

तो आठवडा आम्ही बसनं गेलो-आलो. अण्णांकडं जायचं रोज ठरत होतं आणि राहत होतं. मला भीती वाटायची की ते विचारतील, कशी आहे बस? आणि मला सांगावं लागेल की चांगली आहे.

रविवारी अक्काच माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, चला. आम्ही अण्णांच्या ओसरीवर गेलो. अण्णा आत होते. बाहेर आले, तर दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, आणि जायला कुठंच नाही. आम्हाला बघून गडबडले. बसा म्हणाले आणि स्वतः उभेच राहिले. अक्का बसल्या नाहीत.

"अण्णा, पलीकडल्या तांड्यावर चार पोरी हायत. दहावी झालेल्या. बस तिथं जात न्हाई, तीन किलोमीटर आत हाय. त्यांच्या आईबापाशी बोललेय मी. तुमी नेणार असाल तर धाडतो म्हणालेत."

अण्णांनी मान खाली घातली. म्हणाले, "अर्ज करा की अक्का. बस तिथवर यील. मी सोता नेऊन देतो, खोटं न्हाई सांगायलो."

"चौघी तुमच्या गाडीत बसत्यात," अक्का म्हणाल्या. "पाचवी पोरगी निघाली की अर्ज. आन् तो मी माझ्या हातानं देणार. तवर तुमी."

अण्णा आत गेले. आत भांडं पडल्याचा आवाज आला, पुन्हा शांत झालं. मला वाटलं चहा करतायत. ते किल्ली घेऊन बाहेर आले, आमच्याकडं न बघता ताडपत्री ओढून काढली आणि मोटार सुरू केली. अक्का मागं बसल्या. मी पुढं.

तांड्याचा रस्ता खडीचा. मधे एक ओढा आहे, एक वळण आहे. अण्णांनी मनगट स्टिअरिंगवर ठेवलं होतं आणि घड्याळावरून त्यांची नजर हलत नव्हती. पोचलो तेव्हा म्हणाले, अकरा मिनिटं. परत गावात बसच्या थांब्यापर्यंत आलो, तर दहा. अण्णांना ते पटलं नाही. ओढ्यात पाणी असेल तेव्हा किती लागतील, ते धरायला हवं, म्हणाले. पुन्हा गेलो, हळू. मागून अक्कांनी सांगितलं की थोरलीला गाडी लागते, तिला पुढं बसवा. अण्णांनी मान डोलावली.

त्या रविवारी आम्ही तांड्याला चार वेळा गेलो आणि आलो. चौथ्या वेळी वेळ मोजायचं अण्णांच्या लक्षातच राहिलं नाही.